सही नसलेला शब्द

३ मार्च

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद. रीत आहे म्हणून लिहिले. पुढचं वाचून परत करावेसे वाटले तर टपालाने पाठव.

तुझ्या वहिनीचा गुडघा अजून कुरकुरतो, बाकी सगळे ठीक. आता कामाचं. अण्णांच्या शब्दकोशाचं प्रकाशकांशी पक्कं झालं. अण्णा गेल्यावर मी टेम्पो करून चिठ्ठ्यांची चाळीस खोकी घेऊन आलो, तेव्हा एकेचाळिसावं तू पायाने पलंगाखाली सरकवलंस. मला ते दिसलं होतं. घरात माणसं होती, म्हणून बोललो नाही. अण्णांनी कोश विषयवार लावला होता. स्वयंपाक, आजार, नाती, हत्यारं असं करत सगळ्यात शेवटी 'शत्रू आणि विरोधक'. नेमकं तेच खोकं तुझ्याकडे राहावं याचं मला नवल वाटत नाही.

प्रकाशकांना मेअखेर सगळा मजकूर हवा आहे. करार माझ्या नावाने आहे, त्यामुळे मुखपृष्ठावर संपादक म्हणून माझंच नाव जाईल. तुझा उल्लेख ऋणनिर्देशात 'विशेष साहाय्य' असा करीन. खोकं आलं नाही तर एका दुपारी बसून सगळी वाक्यं मीच रचीन. शत्रूंबद्दल बोलायचा मला कोर्टात रोजचा सराव आहे.

आणखी एक. अण्णा चार दिवस अंथरुणाला खिळून होते आणि बाप गेल्याचा तुझा फोन मला आला तो तीन तासांनी. परकं माणूस असं वागलं असतं तर मी समजू शकलो असतो. तू माझी हितशत्रू आहेस, हे मला त्या दिवशी कळलं. तोंडावर गोड बोलणारी आणि आतून घात करणारी.

खोकं बांधताना दोरी नीट आवळ. लोभ आहे की नाही ते खोकं पोचल्यावर कळवीन.

तुझा,
दादा

---

११ मार्च

ति. दादास,

सा. न. वि. वि. आशीर्वाद ठेवून घेतले. या घरात आलेला कागद कधी परत गेलेला नाही.

शाळेत व्हॉलीबॉलचे सामने चालू आहेत. दिवसभर शिट्टी आणि ओरडणं, घसा पार बसलाय. तुझ्याशी भांडायला लेखणीच बरी.

तू वाक्यं रचणार म्हणतोस. अण्णांचा नियम तू विसरला असशील असं मला वाटत नाही, पण अकरा वर्षं माणूस घरात पाऊल टाकत नाही तेव्हा सांगून ठेवलेलं बरं. कोणी शब्द वापरला की अण्णा चिठ्ठी काढत. वर शब्द, मग ते वाक्य जसंच्या तसं, कोण कोणाला म्हणालं, तारीख, आणि खाली बोलणाऱ्याची सही. सही नसेल तर शब्द कोशात नाही. शब्द बोलून सही करायला जो कचरतो त्याचा तो शब्दच नाही, असं ते म्हणायचे. दूधवाला, कंपाउंडर, गवंडी, सगळ्यांनी हसत सह्या दिल्या. अडलं ते फक्त या खोक्यापाशी. शिव्या द्यायला गल्ली पुढे असते, सही करायला कोणी नसतं. आपल्या न्हाव्याने समोरच्या दुकानातल्या न्हाव्याला हाडवैरी म्हटलं आणि ऐटीत सही ठोकली. वर्षाने त्याच्या पोरीचं त्याच घरी जमलं, तर हा माणूस धावत आला आणि व्याह्यांच्या देखत चिठ्ठीवर काट मारून गेला. हे खोकं अशा काट मारलेल्या चिठ्ठ्यांनी भरलेलं आहे. अण्णांची शेवटची सहा वर्षं या कोशातच गेली आणि सहा वर्षं त्यांच्या शेजारी बसून मी चिठ्ठ्या लिहिल्या, कारण त्यांचा हात थरथरायचा. यालाच 'विशेष साहाय्य' म्हणतात, हे मला तुझ्या पत्रातून कळलं.

माझ्या संघातल्या मुली समोरच्या संघाला प्रतिस्पर्धी म्हणतात. सामना संपला की हात मिळवतात आणि एकाच नळाला तोंड लावतात. तुझ्या कोर्टात समोरच्याला 'माझे विद्वान मित्र' म्हणतात आणि मग त्याचं पितळ उघडं पाडतात. अण्णांनी 'विद्वान मित्र' ही चिठ्ठी शत्रूंच्या खोक्यात ठेवली आहे. त्यावर सही तुझी आहे, वकिलीच्या पहिल्या वर्षातली.

'हितशत्रू' मात्र इतकी वर्षं रिकामा होता. परवा मिळाला. तुझ्या पत्रातलं वाक्य कापून चिठ्ठीवर चिकटवलं. सही आहेच. संपादकांचे आभार.

फोनचं म्हणशील, तर अण्णांनीच तुला कळवू नको म्हणून सांगितलं होतं. त्याला मी काय करणार.

खोकं मिळणार नाही. मुखपृष्ठावर माझं नाव येईल तेव्हाच ते पलंगाखालून निघेल. आणि त्यातली एक चिठ्ठी तुझी वाट पाहते आहे. शब्द 'वैरी'. वाक्य तुझं, तारीख आहे, सहीची जागा अकरा वर्षं मोकळी. आठवत असेलच.

वहिनीच्या गुडघ्याला शेक द्यावा. लोभाचं तू ठरवशील तसं.

तुझी,
धाकटी

---

२० मार्च

धाकटीस,

आपलं पत्र मिळालं. 'आपलं' म्हणतो आहे, कारण समोरच्या पक्षाला आमच्याकडे असंच संबोधतात. तेही कापून चिकटव.

त्या चिठ्ठीचा उल्लेख तू केलास तो मुद्दाम केलास, जिथे दुखतं तिथे बोट ठेवायला. तू तेव्हा वसतिगृहावर होतीस. काय झालं ते तुला अण्णांकडून कळलं असणार, म्हणजे निम्मंच कळलं असणार. आता पुरतं ऐक.

आई दवाखान्यात होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. मी कोर्टातून थेट तिथे गेलो तर खाटेशेजारी खुर्ची रिकामी, आणि अण्णा बाहेर व्हरांड्यात दोन नर्सना उभं करून विचारत होते, दुखण्याला तुमच्या गावाकडे काय काय म्हणतात. ठणका, कळ, चमक, शूळ. खिशातून चिठ्ठ्या निघत होत्या, नर्स सह्या करत होत्या. आत आई पाणी मागत होती. मी पाणी दिलं, बाहेर आलो आणि म्हणालो,

"तुम्ही आमचे बाप नाही, वैरी आहात."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग खिशातून कोरी चिठ्ठी काढली, भिंतीला टेकवून वाक्य लिहिलं, तारीख घातली आणि पेन माझ्यापुढे धरलं. त्या व्हरांड्यात, दोन नर्सच्या देखत. कानाखाली मारली असती तर मी सहन केली असती. आई गेली, मी खांदा दिला आणि त्यानंतर अण्णा असेपर्यंत त्या घराचा उंबरा ओलांडला नाही. लोक म्हणतात मी बापावर डूख धरला. धरला. अकरा वर्षं धरला.

आता तुझ्या फोनचं. अण्णांनी कळवू नको म्हटलं, हे कोर्टात कोणी सांगितलं असतं तर मी त्याला उलटतपासणीत उभं सोललं असतं. डॉक्टरांनी मला सांगितलं की ते चारही दिवस शुद्धीवर होते, बोलत होते. पण तुझं पत्र वाचलं आणि मला ते खरंच वाटलं. तो माणूस असं म्हणेल यावर माझा चटकन विश्वास बसला, याचाच मला जास्त त्रास होतो आहे. बापाला शेवटी मी नको होतो. ठीक आहे. मला समजलं.

मी त्या चिठ्ठीवर सही करणार नाही. ती फाड, जाळ, काय हवं ते कर. आणि खोकं पाठव, नाहीतर प्रकाशकांमार्फत तुला नोटीस येईल. तेव्हा मी भाऊ नसेन, सरळ सरळ दुश्मन असेन. हा शब्दही रिकामा असला तर भरून घे.

दादा

---

२ एप्रिल

चि. दोघांस,

तुमच्या आत्याचे आशीर्वाद, दोघांना सारखे वाटून. कमीजास्त झाले असतील तर आपसात भांडा, नाहीतरी तेच चाललंय.

हेच पत्र दोघांना धाडते आहे, खाली कार्बन ठेवून. म्हणजे तिला काय लिहिलं, त्याला काय लिहिलं, असं नको. मला धाकटीने फोनवर सगळं वाचून दाखवलं आणि नंतर दादाच्या बायकोनेही वाचून दाखवलं, त्यामुळे मी दोन्ही बाजूंनी शहाणी झाले आहे. माझ्या भावाने आयुष्यभर दुसऱ्यांचे शब्द गोळा केले आणि त्याच्या पोरांनी ते एकमेकांच्या डोक्यात घातले.

तुमच्या खोक्यात 'त्या बाई' आहे का ते बघा. माझी जाऊ आणि मी नऊ वर्षं एका ओट्यापाशी पाठीला पाठ लावून स्वयंपाक केला. मी तिला कधी वैरीण म्हटलं नाही की शत्रू म्हटलं नाही. मी म्हणायची 'त्या बाई'. त्या बाईंना सांगा मीठ इकडे सरकवा. नवरा मधे उभा राहून मीठ सरकवायचा. तुम्ही शिकलेले लोक मोठे मोठे शब्द वापरता आणि ते वाऱ्यावर जातात. नाव न घेणं हे खरं वैर. तुमचं अजून तितकं पिकलेलं नाही, पत्रं तरी लिहिता. 'त्या बाई'वर हवी तर मी सही देते, जाऊ आता नाही आणि मला लाजही उरलेली नाही.

दादा, तू बापाला समजून घ्यायला हवं होतंस, असं मी म्हणणार नाही. तो माणूस होताच तसा. माझ्या लग्नात मी रडत होते तर मला विचारत होता की या रडण्याला काय म्हणतात. भीती वाटली की तो चिठ्ठी काढायचा, आणि तुझ्या आईच्या वेळी तो फार घाबरला होता, एवढंच मला ठाऊक आहे.

धाकटे, तुलाही एक सांगते. माझा भाऊ गेला त्या आठवड्यात मी तिथेच होते. मी काय ऐकलं ते मी कोणाला सांगितलं नाही आणि सांगणारही नाही. ज्याचं त्याने सांगावं. पण खोकं उघडून ती चिठ्ठी एकदा नीट पाहा, नुसती भावाला डिवचायला वापरू नकोस.

माझ्या डोळ्याचं ऑपरेशन पुढच्या महिन्यात आहे. दोघांपैकी कोणीही येऊ नये, बरोबर आलात तर चालेल. लोभ आधी एकमेकांवर करावा, माझा नंबर मागून लावला तरी माझी तक्रार नाही.

तुमची,
आत्या

---

१४ एप्रिल

ति. दादास,

सा. न. वि. वि.

सोबत खोकं पाठवते आहे. कुरिअरवाल्याने दोरीला नाव ठेवलं, म्हणून वरून चिकटपट्टीही मारली आहे. यात कसलीही अट नाही. मुखपृष्ठावर हवं ते छाप.

आत्याने लिहिलं म्हणून ती चिठ्ठी काढली. इतकी वर्षं मी तिची पुढचीच बाजू पाहत आले. खरं सांगायचं तर तुला झेरॉक्स पाठवावी, सहीच्या जागेवर लाल पेन्सिलीने फुली मारून, असं माझ्या मनात होतं. यंत्रावर ठेवायला उलटी केली तेव्हा मागे अण्णांचं अक्षर दिसलं. थरथरतं आहे, म्हणजे अलीकडचं. त्यांनी लिहिलं आहे, 'सही मागायला नको होती. पोराचं बरोबर होतं.' बस्स, एवढंच.

हे वाचून माझे डोळे भरून आले असं समजू नकोस. मला राग आला. सहा वर्षं मी त्यांच्या शेजारी बसले. औषधं, अंघोळ, चष्मा शोधणं, चिठ्ठ्या लिहिणं. एकेचाळीस खोक्यांत माझ्यासाठी अशी एक ओळ नाही. तू बापाला वैरी म्हणालास आणि तुला चिठ्ठीच्या पाठीवर जागा मिळाली. मी कधी काही म्हणाले नाही, म्हणून मला काही मिळालं नाही. तू मला डोळ्यांसमोर नको आहेस हे अजूनही खरं आहे.

चिठ्ठी सगळ्यात वर ठेवली आहे. आता ती तुझी.

लोभाविषयी सध्या न लिहिलेलं बरं.

धाकटी

---

३० एप्रिल

चि. धाकटीस,

अनेक आशीर्वाद.

खोकं मिळालं. चिकटपट्टी इतकी मारली होतीस की वहिनीला सुरी आणावी लागली.

चिठ्ठी वाचली. मग ऑफिसचं दार लावून घेतलं आणि अशिलांना दोन तास बाहेर बसवलं. त्यावर अधिक लिहीत नाही.

सगळं खोकं तपासलं. शंभराच्या वर चिठ्ठ्या आहेत आणि जवळजवळ प्रत्येकीवर तुझं अक्षर आहे. मग बाकीची चाळीसही काढून पाहिली. 'आजार' नंतरच्या सगळ्या खोक्यांत तुझंच अक्षर. मी ती टेम्पोतून आणली, कपाटात रचली आणि एकदाही उघडली नव्हती. प्रकाशकांना पत्र लिहून करार बदलून घेतला आहे. मुखपृष्ठावर संपादक म्हणून एकटं तुझं नाव जाईल. माझं कुठेच नको, ऋणनिर्देशातही नको. हे मी प्रेमाने करत नाही, हे लक्षात ठेव. पुराव्यावरून करतो आहे. बापाच्या शेवटच्या चार दिवसांत मला दूर ठेवलंस, मग ते कोणाच्याही सांगण्यावरून असो, ते मी विसरणार नाही. तुझं माझं जमणार नाही.

'वैरी'वर मी सही केलेली नाही. करणारही नाही. नियम नियम आहे, सही नाही तर शब्द नाही. शत्रूंच्या प्रकरणात 'वैरी' नसलेला कोश निघेल आणि शहाणी माणसं आपल्याला हसतील. हसू देत. आपल्या घरापुरता तो शब्द मी गाळतो.

अंतिम प्रत तुझ्याकडे येईल. शेवटचा हात तुझा. लोभाचं म्हणशील तर मला आता त्यातलं काही कळत नाही, तू आहे असं धरून चाल.

तुझा,
दादा

---

९ मे

ति. दादास,

सा. न. वि. वि.

अंतिम प्रत मिळाली. माझं नाव पाहिलं. इतकी वर्षं हवं होतं ते मिळालं आणि त्या पानाकडे मला धड बघवलं नाही.

सुट्टी लागली आहे. शाळा रिकामी, घर रिकामं. तीन दिवस हे पत्र लिहिते आहे, फाडते आहे. आता न फाडता लिहिते.

संपादकाचा अधिकार वापरून मी एक चिठ्ठी कोशात घालते आहे. शब्द गळणार नाही. माझ्याकडे त्याचं वाक्य आहे, माणूस आहे आणि तारीखही आहे.

अण्णांनी तुला कळवू नको असं कधीच म्हटलं नाही. पहिल्याच सकाळी ते म्हणाले,

"दादाला बोलाव."

मी हो म्हटलं. फोन त्यांच्या उशाशी टेबलावर होता. मी शाळेत गेले, दिवसभर पंचाचं काम केलं, संध्याकाळी आले आणि त्यांना सांगितलं की निरोप दिला आहे. दुसऱ्या दिवशी त्यांनी विचारलं तेव्हा मी म्हणाले, कोर्टात मोठा खटला चालू आहे, येतो म्हणालाय. तिसऱ्या दिवशी त्यांनी दाढी करून घेतली. तू येणार म्हणून. न्हावी घरी आला होता, आत्याने आरसा धरला होता आणि ती माझ्याकडे पाहत होती. चौथ्या दिवशी त्यांनी विचारलं नाही, नुसते दाराकडे तोंड करून पडून राहिले. ते चार दिवस मला हवे होते, दादा. एकटीला. अकरा वर्षं तू आला नाहीस आणि शेवटच्या चार दिवसांत येऊन सगळा बाप घेऊन जाशील, असं मला वाटलं. दुसरं काहीही कारण नव्हतं.

बापाला तू नको होतास हे मी तुला लिहिलं आणि तू त्यावर विश्वास ठेवलास. तुझं ते पत्र मी उघडून उघडून वाचते.

चिठ्ठी सोबत जोडली आहे. मजकूर असा:

वैरी. स्त्रीलिंगी, वैरीण. 'त्या चार दिवसांत मी माझ्या सख्ख्या भावाची वैरीण होते.' धाकटी बहीण, थोरल्या भावाला. ९ मे.

सही केली आहे. पेन अण्णांचंच होतं. छापायला पाठवण्याआधी तुला पाठवते आहे, कारण हे आधी तू वाचायला हवंस. तू काट मारलीस तर शब्द गळेल, ठेवलास तर राहील. काहीच कळवलं नाहीस तरी मी तुला दोष देणार नाही.

लोभ मागायला मला तोंड नाही. चिठ्ठी हातात पडल्याची पोच तेवढी द्यावी.

तुझी,
धाकटी